'ऑलवेज डोन्ट' की 'डोन्ट ऑलवेज'? इंग्रजी क्रियापदाच्या पोटातलं क्रियाविशेषण

अबोली | शनिवार, रात्री ९.१५

औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात मी काम करते. गेल्या महिन्यात आमच्याकडे ऑडिट होतं, तपासनीस बाई परदेशी होत्या. वजनकाट्यापाशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, की प्रत्येक वजन दुसरी व्यक्ती पाहून सही करते का? आमच्या पद्धतीत ठरावीक वजनांनाच दुसरी सही लागते, बाकीच्यांना काट्यातून निघणारी छापील चिठ्ठी पुरते. माझ्या मनात मराठी वाक्य तयार होतं: 'आम्ही नेहमी तपासत नाही.' तोंडातून गेलं, "वुई ऑलवेज डोन्ट चेक इट."

त्यांनी मान डोलावली, वहीत लिहिलं आणि पुढे गेल्या. संध्याकाळच्या बैठकीत त्रुटींच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं, की दुसरी तपासणी होत नाही. म्हणजे कधीच होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवह्या दाखवल्या, सह्या दाखवल्या, आणि ती त्रुटी काढली गेली. पण ती रात्र मी आणि माझ्या वरिष्ठांनी ज्या काळजीत काढली, ती मला विसरता येत नाही.

म्हणायचं होतं "वुई डोन्ट ऑलवेज चेक इट." पाचही शब्द तेच, फक्त दोन शब्दांनी जागा बदलली. 'डोन्ट' आधी आलं की ते 'ऑलवेज'ला नाकारतं: नेहमी नाही, कधीकधी. 'ऑलवेज' आधी आलं की नकारच नेहमीचा होतो.

मग मी मराठीकडे वळून पाहिलं. 'मी रोज भात खात नाही.' या वाक्याचा अर्थ काय? आठवड्यातून चार दिवस खाते, असाही होतो. डॉक्टरांनी बंद केलाय, रोजचा दिवस भाताविना जातो, असाही होतो. आपण आवाजाच्या चढउतारावर भागवतो. फारच स्पष्ट करायचं असेल तर 'रोज नाही खात' म्हणतो, 'नाही' उचलून 'रोज'च्या शेजारी आणून ठेवतो. 'मी मुद्दाम केलं नाही' आणि 'मी मुद्दाम नाही केलं' या जोडीतही हेच आहे. दुसरं वाक्य स्पष्ट आहे, चूक हातून झाली पण हेतू नव्हता. पहिलं दोन्हीकडे झुकतं. म्हणजे मराठीतही जागेला काम आहे, आपण ते बोलताना न कळत करतो. इंग्रजीत मात्र ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाचवीपासून इंग्रजी शिकले, क्रियाविशेषणाची व्याख्या पाठ होती, प्रकार पाठ होते. ते बसतं कुठे, हे एका ओळीत उरकलं होतं.

तुम्ही हे कसं शिकलात? कामाच्या ठिकाणी रोज इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्यांनी लिहावं, अशी विनंती.

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री १०.०२

अबोलीताई, फार महत्त्वाचा धागा. मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांना मी बाकाचं उदाहरण देते. इंग्रजी क्रियापद हे बाकावर ओळीने बसलेल्या मुलांसारखं असतं. 'शी सिंग्ज' मध्ये एकच मूल. 'शी हॅज संग' मध्ये दोन. 'इट मस्ट हॅव बीन स्टोलन' मध्ये चार. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, प्रोबॅबली, ऑलरेडी, जस्ट हे पाहुणे आले, की पहिल्या मुलाला लागून त्याच्या उजवीकडे बसतात. 'शी हॅज ऑफन संग', 'इट मस्ट प्रोबॅबली हॅव बीन स्टोलन'. बाकावर एकच मूल असेल तर पाहुणा त्याच्या डावीकडे: 'शी ऑफन सिंग्ज'. आणि ते एकटं मूल 'इज, अॅम, आर, वॉज' यांपैकी असेल तर पुन्हा उजवीकडे: 'शी इज ऑफन लेट'. एवढ्यावर दहावीपर्यंतचं निभतं.

रीत सांगणारी क्रियाविशेषणं वेगळी. ती शेवटच्या मुलाची मैत्रीण असतात, कारण काम तेच करतं. 'द रिपोर्ट हॅज बीन केअरफुली चेक्ड'. 'हॅज केअरफुली बीन चेक्ड' म्हटलं तर कानाला खटकतं. तपासणं काळजीपूर्वक झालं, 'असणं' नव्हे.

सगळ्यात जास्त लाल शाई मात्र मी दुसऱ्याच चुकीवर खर्च करते. 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश.' 'आय लाइक व्हेरी मच मँगोज.' इंग्रजी क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये कुणी बसलेलं या भाषेला सहसा चालत नाही. मुलांची चूक समजण्यासारखी आहे. मराठीत 'ती अस्खलित इंग्रजी बोलते' आणि 'ती इंग्रजी अस्खलित बोलते' ही दोन्ही वाक्यं ठीक आहेत, तिथे कर्म आणि क्रियाविशेषण खुशाल जागा बदलतात. मुलं तीच मोकळीक इंग्रजीत घेतात.

आणि 'आय एव्हरी डे गो टु टेम्पल'. अर्थ तोच असला तरी 'एव्हरी डे' हे दोन शब्दांचं बिऱ्हाड आहे, ते मधल्या जागेत मावत नाही. शेवटी जातं, किंवा अगदी सुरुवातीला.

सनदशीर | रविवार, सकाळी ८.४०

मी वकिली करतो. या विषयावरचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण एका शपथेचं आहे, ते इथे नोंदवायलाच हवं.

२० जानेवारी २००९, वॉशिंग्टन. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामांना अध्यक्षपदाची शपथ देत होते, हातात कागद नव्हता. अमेरिकेच्या राज्यघटनेत शब्द ठरलेले आहेत: 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स'. रॉबर्ट्सांनी 'फेथफुली' मधल्या जागेवरून उचलून वाक्याच्या टोकाला नेलं. ओबामा 'आय विल एक्झिक्यूट' म्हणून थांबले. रॉबर्ट्सांनी दुरुस्त करायचा प्रयत्न केला, त्यात 'एक्झिक्यूट' गळलं, आणि अखेर ओबामांनी 'फेथफुली' शेवटीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथ पुन्हा घेतली गेली, या वेळी बरोबर क्रमाने. पुढे कुणी शंका काढू नये म्हणून. एका क्रियाविशेषणाच्या जागेसाठी!

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्याच आठवड्यात न्यू यॉर्क टाइम्समध्ये एक तर्क मांडला. रॉबर्ट्स भाषेच्या बाबतीत काटेकोर मानले जातात, आणि साहाय्यक क्रियापद व मुख्य क्रियापद यांच्यामध्ये काही घालू नये हा जुना समज त्यांच्या अंगवळणी पडला असावा, असा तो तर्क. रॉबर्ट्सांच्या मनात नेमकं काय होतं हे तेच जाणोत, पण तर्क मला पटतो. पाठ असलेलं वाक्य विस्कटलं तर ते कुठल्या दिशेने विस्कटतं, यावरून सवय कळते.

आता आपलं संविधान पाहा. अनुच्छेद ६० मध्ये राष्ट्रपतींची आणि अनुच्छेद १५९ मध्ये राज्यपालांची शपथ आहे. दोन्हींत 'विल फेथफुली एक्झिक्यूट' हीच रचना. उद्देशिकेत तर दोनदा: 'हॅविंग सॉलम्नली रिझॉल्व्ह्ड' आणि शेवटी 'डू हिअरबाय अॅडॉप्ट'. दोन्हीकडे क्रियाविशेषण क्रियापदाच्या पोटात. मराठी उद्देशिकेत ते 'संकल्पपूर्वक निर्धार करून' आणि 'याद्वारे हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून' असं येतं. 'याद्वारे' कर्माच्याही आधी जाऊन बसलंय, आणि ते मराठीला शोभतं. मंत्र्यांच्या शपथेतलं 'निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने पार पाडीन' आपण टीव्हीवर ऐकतोच. 'पार निष्ठापूर्वक पाडीन' कुणी म्हणणार नाही.

पाटीपेन्सिल यांनी लांब बिऱ्हाड मधे मावत नाही म्हटलं, ते बोलण्यात खरं आहे. पण त्याच शपथेत पुढे 'विल टु द बेस्ट ऑफ माय अॅबिलिटी प्रिझर्व्ह' असं आहे, 'विल' आणि 'प्रिझर्व्ह' यांच्यामध्ये सहा शब्द. कायद्याची भाषा तिथे मुद्दाम संथ होते.

ठोकताळा | रविवार, सकाळी ९.१०

वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्या कार्यालयात माझ्या मसुद्यातलं 'हॅज आलरेडी बीन सेंट' खोडून 'आलरेडी हॅज बीन सेंट' केलं जातं. कारण विचारलं तर 'क्रियापद फोडू नये'. हा नियम आहे तरी का?

सनदशीर | रविवार, सकाळी ९.५५

नाही. दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

एक समज आहे 'टु' आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घालू नये, हा. हेन्री अल्फर्ड हे इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या कॅथेड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू होते, त्यांनी १८६४ च्या पुस्तकात या रचनेला हरकत घेतली, ही पद्धत इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना अनोळखी आहे म्हणून. अनोळखी नव्हतीच, चौदाव्या शतकात धर्मसुधारक जॉन वायक्लिफच्या लेखनात ती सापडते. तरी हरकत शाळांतून पसरली आणि मग लोकांनी ती 'हॅज', 'विल', 'वॉज' यांनाही लावली, जिथे तिला काहीच आधार नाही.

१९२६ मध्ये फाउलरने इंग्रजीच्या वापरावरचा आपला कोश काढला, त्यात अगदी स्पष्ट सांगितलं आहे: संयुक्त क्रियापदाबरोबर क्रियाविशेषण आलं तर त्याची स्वाभाविक जागा साहाय्यक क्रियापद आणि उरलेला भाग यांच्या मधे. म्हणजे तुमचा मसुदा बरोबर होता. वरिष्ठांना फाउलरचं नाव सांगा, त्याच्यापुढे वाद घालणं अवघड आहे.

ओंजळ | रविवार, दुपारी १.३०

मला इथे आपल्या 'च'बद्दल बोलायचं आहे, कारण माझ्या मते आपल्या लोकांच्या इंग्रजीतली निम्मी गुंतागुंत तिथे आहे.

'मीच भात खाल्ला.' 'मी भातच खाल्ला.' 'मी भात खाल्लाच.' तीन वाक्यं, तीन अर्थ, आणि कुठेही शंका नाही. 'च' ज्याला चिकटतो त्याचंच बोलतो. इंग्रजीत हे काम 'ओन्ली' करतं. 'आय ओन्ली एट राइस' हे वाक्य कागदावर वाचलं तर मी फक्त भात खाल्ला, की मी फक्त खाल्ला, शिजवला दुसऱ्या कुणी? इंग्रज माणूस ते आवाजाने सोडवतो. म्हणजे 'रोज खात नाही' मध्ये आपण जे आवाजाने करतो, ते इथे तो करतो. 'ओन्ली' क्रियापदाच्या आधीच्या ठरलेल्या जागी बसून दूरच्या शब्दाकडे बोट दाखवतं. हे 'च'ला कधी जमणार नाही, आणि गरजही नाही.

आता आपण काय करतो? 'च' शब्दाच्या मागे येतो, म्हणून 'ओन्ली'ही मागे लावतो. 'मी इथेच आहे' चं 'आय अॅम हिअर ओन्ली'. 'तो तसाच आहे' चं 'ही इज लाइक दॅट ओन्ली'. 'आजच' चं 'टुडे इटसेल्फ'. 'मी पडलोच असतो' मधल्या 'च'साठी इंग्रजीत सरळ 'आय निअर्ली फेल' आहे, 'निअर्ली' क्रियापदाच्या आधी. पण आपल्याला तो 'च' कुठेतरी दिसायला हवा असतो, म्हणून आपण 'वुड हॅव फॉलन ओन्ली' म्हणतो.

आणखी एक. मराठी क्रियापद फुटत नाही असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. 'खाल्लाच नव्हता', 'येत तर होते', 'दिलंसुद्धा होतं', 'गेलो तरी असतो'. मुख्य क्रियापद आणि 'होणे-असणे' यांच्या मधे हे छोटे शब्द रोज जाऊन बसतात. 'नेहमी', 'मुद्दाम', 'हळूच' यांना मात्र तिथे जागा नाही. 'वाचत नेहमी होते' आपण म्हणत नाही. इंग्रजीने तीच जागा ऑलवेज आणि नेव्हरला दिली आहे. एवढाच फरक आहे, आणि तो एकदा दिसला की मला तरी भीती वाटेनाशी झाली.

रानवाट | रविवार, दुपारी २.०५

ओंजळ, विश्लेषण सुंदर. पण 'हिअर ओन्ली' ही चूक आहे हे मान्य नाही. मराठी, हिंदी, कानडी, तमिळ बोलणारे कोट्यवधी लोक ते म्हणतात, एकमेकांना ते नीट कळतं. भारतातल्या इंग्रजीची ती घडण आहे. आपल्याच भाषेने दिलेल्या रचनेला आपणच लाल शाई का लावायची?

ओंजळ | रविवार, दुपारी २.४०

चूक म्हटलं नाही मी, कुठून येतं ते सांगितलं. भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी, भावाशी मी स्वतः तसंच बोलते. प्रश्न ऐकणारा कोण आहे याचा. अबोलीच्या समोर ज्या बाई उभ्या होत्या, त्यांच्या कानात मराठी नव्हती. 'हिअर ओन्ली' ऐकून त्या गोंधळल्या नसत्या, चमकल्या असत्या फार तर. 'ऑलवेज डोन्ट' मध्ये मात्र अर्थ उलटा गेला. या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नये असं मला वाटतं.

रानवाट | रविवार, दुपारी २.५५

हे पटलं. अर्थ उलटतो तिथे शिकायचं, नुसता सूर वेगळा लागतो तिथे सोडून द्यायचं.

सातसमुद्र | रविवार, रात्री ११.२०

इंग्लंडमध्ये अकरा वर्षं आहे, रुग्णालयात काम करते. नकाराच्या आजूबाजूची जागा मला इथे आल्यावर कळली, तीही रुग्णांकडून.

'आय रिअली डोन्ट लाइक इट' आणि 'आय डोन्ट रिअली लाइक इट'. पहिल्यात माणूस म्हणतो, मला हे अजिबात आवडत नाही. दुसऱ्यात म्हणतो, तसं काही खास आवडत नाही. 'आय रिअली डोन्ट नो' म्हणजे खरंच माहीत नाही हो. 'आय डोन्ट रिअली नो' म्हणजे थोडीफार कल्पना आहे, पण नक्की सांगता येत नाही. दुखण्याबद्दल विचारताना हा फरक फार मोठा आहे. 'इट डझन्ट रिअली हर्ट' म्हणणाऱ्याला थोडं दुखत असतं. 'इट रिअली डझन्ट हर्ट' म्हणणारा मला पटवून देत असतो की नाही दुखत. सुरुवातीला मी दोन्ही सारखंच नोंदवत असे. आता दुसऱ्यांदा विचारते.

'प्रोबॅबली'चंही ध्यानात ठेवा. पाटीपेन्सिलताईंचा बाकाचा नियम 'विल प्रोबॅबली कम' ला लागतो, पण नकार आला की पाहुणा उठून पुढे जातो: 'आय प्रोबॅबली वोन्ट कम'. 'वोन्ट प्रोबॅबली' इथे कुणी म्हणत नाही. 'स्टिल'सुद्धा तसंच, 'आय स्टिल हॅव्हन्ट हर्ड'.

आणि छोट्या उत्तरांत: 'हॅव यू ऑलवेज लिव्ड हिअर?' 'यस, आय ऑलवेज हॅव.' 'आय हॅव ऑलवेज' नाही. मुख्य क्रियापद गाळलं की सगळा जोर उरलेल्या 'हॅव'वर येतो, आणि जोर असलेल्या शब्दानंतर हे पाहुणे बसत नाहीत, आधी बसतात. मला हे कुणी शिकवलं नाही. बसथांब्यावर ऐकून ऐकून कानात बसलं.

दालचिनी | सोमवार, सकाळी ७.५०

पुण्यात फ्रेंच शिकते आहे, एक छोटी भर. फ्रेंचमध्ये 'मी खाते अनेकदा सफरचंदं' असाच क्रम असतो, क्रियाविशेषण क्रियापद आणि कर्म यांच्या बरोबर मधे. पाटीपेन्सिल यांनी जी जागा इंग्रजीत बंद म्हटली, तीच तिथे नेहमीची. आमच्या बाईंनी सांगितलं की जुन्या इंग्रजीतही क्रियापद असं पुढे सरकत असे. काही शतकांपूर्वी ते थांबलं आणि साधं क्रियापद क्रियाविशेषणाच्या मागेच राहू लागलं. 'इज' आणि 'हॅव' मात्र अजून पुढे सरकतात. म्हणूनच 'इज ऑफन' पण 'ऑफन सिंग्ज'. ताईंच्या बाकावर 'इज'चा अपवाद का, याचं कारण मला इथे मिळालं.

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ८.१५

दालचिनी, बावीस वर्षं मी तो अपवाद म्हणून पाठ करून घेत होते. आज नववीच्या वर्गात कारण सांगेन. मनापासून आभार.

अबोली | सोमवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आज कामावर एक गोष्ट केली, ती सांगते.

आमच्या कार्यपद्धतीची इंग्रजी पुस्तिका उघडली आणि 'नॉट' असलेली वाक्यं एकेक करून पाहिली. बेचाळीस पानांत एक वाक्य सापडलं: 'ऑल सॅम्पल्स आर नॉट टेस्टेड फॉर मॉइश्चर'. लिहिणाऱ्याच्या मनात 'सगळे नमुने ओलाव्यासाठी तपासत नाहीत' असं मराठी होतं हे मला दिसत होतं. पण वाचणाऱ्याला 'एकही नमुना तपासला जात नाही' असंही वाटू शकतं. इथे क्रियाविशेषण नाही, पण दुखणं तेच, 'नॉट' चुकीच्या शेजाऱ्याजवळ बसलंय. 'नॉट ऑल सॅम्पल्स आर टेस्टेड' असं सुचवलं. मग वाटलं, अर्थ जागेवर टांगून ठेवूच नये. शेवटी लिहिलं की ज्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर ओलाव्याची चाचणी नमूद आहे तेवढेच नमुने तपासले जातात. नकारच काढून टाकला. वरिष्ठांनी लगेच सही केली.

सातसमुद्र, तुमचं दुसऱ्यांदा विचारणं मी उचललं आहे. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने आज सांगितलं, "आय डिडन्ट कम्प्लीटली वॉश द फ्लास्क." मी विचारलं, थोडा धुवायचा राहिलाय की अजिबात धुतला नाहीस? म्हणाली, थोडा राहिलाय. तिचं वाक्य बरोबर होतं.

सातसमुद्र | मंगळवार, पहाटे ३.१०

आणि 'कम्प्लीटली डिडन्ट' म्हणाली असती, तर फ्लास्क अजून मळकाच राहिला असता. रात्रपाळीवरून शुभेच्छा.